तिसरी नळी

सकाळचे सव्वासात झाले होते. भटू पाटील खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होता. डावा गाल झाला होता, उजव्या गालावर साबण तसाच होता, तेव्हा मागच्या अंगणातून त्याच्या बायकोचा आवाज आला. रंजना शेजारच्या दोधूच्या बायकोशी बोलत होती. दोधू एस.टी.त कंडक्टर. त्याच्या बायकोला पाचवा महिना लागला होता आणि ती माहेरी निघाली होती. "एस.टी.वरी जाय," रंजना सांगत होती, "पन पुढे बैलगाडीमा बसू नको. मी बसनी व्हती. त्यामाच मन्हं गयं." एवढंच. मग तिने दळण आणलं का ते विचारलं, आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

वस्तरा गालापासून बोटभर अंतरावर थांबला. गाडीत बसली म्हणून मूल गेलं, हे वाक्य पाच वर्षांत त्याने आईच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. काकाच्या, काकूच्या, प्रकाशा या त्यांच्या गावाहून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडून ऐकलं होतं. रंजनाच्या तोंडून कधी नाही. ती रडली होती, गप्प बसली होती, सोमवार धरले होते, माहेरचं नाव टाकलं होतं. पण तो समजत होता की ती हे फक्त ऐकून घेते. सासूचं ऐकून घ्यावं तसं. आता कळलं की ते वाक्य तिचं स्वतःचं झालं आहे. घासून घासून गुळगुळीत झालं आहे, पाट्यावरच्या वरवंट्यासारखं, आणि ती ते दळणाच्या आणि बादलीच्या मधे सहज ठेवू शकते. आवाजात कंप नव्हता. तो असता तर भटूला चाललं असतं. कंप नव्हता म्हणून त्याला राग आला, आणि इतका आला की वस्तरा खाली ठेवून त्याने दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली.

ओट्यावर त्याची आई जमनाबाई तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. गळ्यात तुळशीची कंठी, डोळ्यांना जाड भिंगं. दोन वर्षांपूर्वी नंदुरबारच्या नव्या कॉलेजात भटूला प्राणिशास्त्राच्या लेक्चररची जागा मिळाली आणि भाड्याचं घर झालं, तेव्हा ती प्रकाशाहून इथे आली. कॉलेजात त्याला प्रोफेसर बी. एम. पाटील म्हणत. घरात तो भटूच होता. "चहा थंडा व्हई ऱ्हायना," आई म्हणाली. त्याने पेला उचलला, खाली ठेवला आणि आत आलेल्या रंजनाला विचारलं, "तिला काय सांगत होतीस?"

"कोनले?"

"शेजारी."

"काही नही. गाडीनं सांगं."

"ते खरं नाही."

रंजनाच्या हातात बादली होती. तिने मान वर केली. "काय खरं नही?"

डाळीतला खडा ताटाला लागून वाजला. आई ऐकत होती हे त्याला पाठीत कळलं. तोंडात शब्द आला होता, नुसता जीभ हलवायचा अवकाश होता. "काही नाही," तो म्हणाला, बुशशर्टाची बटणं लावली आणि अर्धा गाल तसाच पुसून बाहेर पडला.

रस्त्यावर फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं आणि हवेत मिरची होती. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडली होती, बायका तोंडाला फडकी बांधून ती उलथत होत्या आणि तो खकाणा वाऱ्याबरोबर स्टेशनापर्यंत येत होता. नाकात, घशात, डोळ्यांच्या कडांना. गावातल्या कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. सगळे खोकत आणि चालत. भटूला त्यांचाही राग आला. माणसं कशाचीही सवय करून घेतात. डोळ्यांतून पाणी येतं ते पुसतात आणि मिरची आहे म्हणतात. रंजनाने सवय करून घेतली. त्याने स्वतः करून घेतली. सर्वांत मोठी सवय त्याचीच. चालता चालता त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप तर्जनीच्या टोकावर घासत होता, काहीतरी पुसून पाहावं तसा. ही सवय त्याला एकोणसाठ सालच्या मे महिन्यात लागली. आजवर कुणी तिचा अर्थ विचारला नव्हता.

त्या मेमध्ये तो पुण्याहून सुटीला घरी आला होता. रंजनाला सहावा लागला होता. तिच्या धाकट्या बहिणीचं, जसोदाचं, शहाद्याजवळच्या माहेरी लग्न होतं. आई नको म्हणाली. रंजनाने भटूकडे पाहिलं. तो ओसरीत पुस्तक घेऊन पडला होता आणि पानावरून बोट न काढता म्हणाला, "जाऊ दे की." हे तीन शब्द पुढे कुणालाच आठवले नाहीत. आईलाही नाहीत, हे विशेष. सगळ्यांना फक्त गाडी आठवली. गाडी गेली, लग्न झालं, तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. आणखी दोन दिवसांनी पहाटे दुखायला लागलं आणि नवाच्या सुमारास सगळं संपलं. सुईण हात धूत बाहेर आली. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "काकासंगे जाय," ती म्हणाली. रंजनाने ते पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतं, पुढच्यावर सावली पडते, असं बायकांनी ठरवलं होतं.

तापीच्या काठाने ते दोघे गेले. पाणी पार मध्यावर आटलं होतं, वाळूत खरबुजांच्या वाड्या होत्या. भिकनकाका पुढे कुदळ घेऊन, भटू मागे. तीन पावशेरांच्या वर वजन नसेल. वाड्यांच्या पलीकडे बाभळीपाशी काका खणायला लागले आणि म्हणाले, तू सावलीत बस. तो बसला. गाठोडं मांडीवर होतं. खालच्या बाजूची गाठ सैल होती आणि तिच्यातून नाळेचं कापलेलं टोक बाहेर आलं होतं. त्याने ते आत ढकलायला बोट लावलं. एवढंच करायचं होतं त्याला. हे त्याने स्वतःला पाच वर्षं सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण बोट लागलं आणि ते त्याचं बोट राहिलं नाही, प्रयोगशाळेतलं झालं. त्याने गाठ सोडली. अंगठ्याने टोकावरचं रक्त पुसलं. पांढुरका, थुलथुलीत गर आणि त्यात भोकं. एक रुंद, सैल, बसलेलं. ती शीर. एक बारीक, जाड भिंतीचं. ती धमनी. दुसरी धमनी कुठे आहे म्हणून त्याने टोक वळवलं, उन्हाकडे केलं, नखाने बोटभर वर दाबून पाहिलं. नव्हती. नाळेत तीन नळ्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. इथे दोनच होत्या.

आणि त्याला आनंद झाला होता.

क्षणभरच. पण निर्भेळ, छातीत उडी मारणारा. पुण्यात काचेखाली काहीतरी पहिल्यांदा दिसलं की व्हायचा, अगदी तसा. मी पाहिलं. मला सापडलं. बाभळीच्या सावलीत, मांडीवर ते घेऊन. मग कुदळीचा आवाज थांबला, काका वळले आणि म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे?" आणि तो म्हणाला, "गाठ सुटली होती."

कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना चौकीदाराने नमस्कार केला, तो त्याने पाहिला नाही. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराची. गुजर आणि वाणी अशा शाकाहारी मंडळींच्या गावात अंडी ठेवायची म्हणजे मागची बाजूच बरी, असं प्राचार्यांनी सुरुवातीलाच हसून सांगितलं होतं. आत आमशा होता. आमशा धडगावच्या वरच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, प्रयोगशाळेचा शिपाई. कोंबडीची फळणारी अंडी तो आपल्या पाड्यावरून आणायचा, कोंड्याच्या टोपलीत, लाकडांच्या ट्रकमध्ये मांडीवर घेऊन. ती इन्क्युबेटरच्या पेटीत ठेवायची, अडतीस अंशांवर, आणि साठ तासांनी कवचाला खिडकी पाडून मुलांना दाखवायची. पिवळ्या बलकावर तांबूस जाळं पसरलेलं असतं आणि मधे मोहरीएवढा ठिपका धडधडत असतो. दर वर्षी एखादा मुलगा पाहताना गप्प होतो. भटूला त्यासाठीच हे प्रात्यक्षिक आवडायचं. बाकी आता त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

पुण्यात तो संशोधन करत होता तेव्हा ते सगळं त्याचं होतं. त्याचा प्रश्न साधा होता. रक्ताला आणि रक्ताच्या नळ्यांना कोण सांगतं की इथे व्हा? पहिल्या दिवशी अंड्यात काही नसतं. नुसते थर असतात, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मग कडेला तांबडे ठिपके उमटतात, बेटांसारखे. बेटं लांबट होतात, एकमेकांना शोधतात, जुळतात आणि त्यांच्या नळ्या होतात. मध्यभागी हृदय आपलं आपण धडधडायला लागलेलं असतं आणि कुठल्यातरी घटकेला नळ्या त्याला जाऊन मिळतात. भटूने काचेच्या सुईने मधला थर खालच्या थरापासून सोडवला होता. सोडवलेला थर जगला, वाढला, पण त्यात रक्ताचा थेंब झाला नाही. मग त्याने दोन्हींच्या मधे गाळणीसारखा बारीक पडदा ठेवला. थर एकमेकांना शिवत नव्हते, तरी रक्त झालं. म्हणजे खालून वर काहीतरी जात होतं. त्याने त्याला निरोप म्हटलं. त्याचे मार्गदर्शक सर हसले होते. "निरोप काय, पोस्टमन ठेवला आहे का तिथे? प्रेरणा म्हणा." पण भटूला निरोपच पटला होता. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, एकदा सुटीत गच्चीवर त्याने रंजनाला हे सांगितलं होतं. अंड्यांचंही तिला एकटीलाच सांगितलं, आईला कळलं तर घरात पाणी प्यायला मिळणार नाही म्हणून. रंजना विचार करून म्हणाली, "आनि निरोप पोचनाच नही तं?" तो म्हणाला होता, तर तिथे नळी होत नाही. कशी सोपी गोष्ट होती. किती सहज सांगितली होती.

"साहेब," आमशा म्हणाला. त्याने खिडकी पाडलेलं एक अंडं वाटीत ठेवून पुढे केलं. आमशाचा हात भटूपेक्षा हलका होता. त्याची खिडकी नेमकी गोल पडायची, कवचाचा कण आत जायचा नाही. "ह्याचं बघा. एका बाजूला रगत नाही."

भटूने वाकून पाहिलं. खरंच होतं. उजवीकडे जाळं नीट पसरलं होतं. डावीकडे दोनचार तांबडे ठिपके तसेच राहून गेले होते, न जुळलेले, आणि पुढे नुसता पिवळा बलक. मधला ठिपका मात्र धडधडत होता, त्याला काही माहीत नसल्यासारखा. भटूच्या कानांत सकाळची बादली वाजली. "तूच हिसकलं असशील," तो म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "घाटात ट्रकमध्ये नीट धरायला काय होतं? किती वेळा सांगितलं, टोपलीला धक्का लागता कामा नये. धक्का लागला की असं होतं. तुम्हाला लोकांना एक गोष्ट सांगून कळत नाही."

 आमशाने वाटी टेबलावर ठेवली, हात सदऱ्याला पुसले. "साहेब, मी आणलं तेव्हा ह्याच्यात काय होतं?" तो म्हणाला. "तुम्हीच मुलांना सांगता, काही नव्हतं म्हणून. हे तर इथे झालं, ह्या पेटीत. पेटी तर कोणी हलवली नाही." मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "नाही व्हायचं ते नाही झालं. आमच्याकडे बाईचं असं झालं तर लोक बाईलाच धरतात. तुमच्याकडे शिपायाला धरतात."

भटू टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला. आपल्या तोंडून आत्ता कोण बोललं ते त्याला स्पष्ट कळलं होतं. आई बोलली होती, काकू बोलली होती, प्रकाशाच्या सगळ्या बायका त्याच्या दातांमधून बोलल्या होत्या. आणि समोरच्या माणसाने, ज्याला सही करताना अंगठा लागतो त्याने, दोन वाक्यांत जे सांगितलं ते त्याने एम. एस्सी. होऊन पाच वर्षांत एका बाईला सांगितलं नव्हतं. नाळेच्या धमन्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतात. त्या वेळी रंजनाला दिवस गेल्याचंही माहीत नव्हतं. गाडीला बैल जुंपायच्या चार महिने आधी ते ठरून गेलं होतं, अंधारात, मिठाच्या खड्याएवढ्या जागेत. कुठेतरी एक निरोप निघाला नाही, किंवा निघाला आणि पोचला नाही. त्यात कुणाचाही हात नव्हता. हे त्याला त्या बाभळीखालीच कळलं होतं. घरी पोचेपर्यंत वाक्यही तयार होतं. पण ते बोलायचं तर गाठोडं उघडलं हे सांगावं लागलं असतं. आणि गाठोडं उघडलं हे सांगितलं की ती विचारणार, मग काय वाटलं तुम्हाला. म्हणून उद्या सांगू म्हणाला. उद्या आई बोलली, गाडीत बसली म्हणून. त्याने ऐकून घेतलं. परवा पुन्हा. मग न सांगणं हीच एक गोष्ट झाली आणि ती महिन्यागणिक वाढत गेली, आणि मूळ गोष्टीपेक्षा तिचीच भीती जास्त वाटू लागली.

सांगितलं त्याने एकालाच. जूनमध्ये पुण्याच्या सरांना पत्र लिहिलं. स्वतःचं मूल असं लिहिलं नाही, 'नात्यातील एक प्रसंग' असं लिहिलं, पण सर हुशार होते. आठ दिवसांत कार्ड आलं. निरीक्षण महत्त्वाचं आहे. नमुना फॉर्मॅलिनमध्ये जतन केला आहे काय? नसल्यास पुढील वेळी लक्ष ठेवावे. पुढील वेळी. ते कार्ड त्याने तापीत टाकलं आणि पुण्याला परत गेला नाही. लोकांना सांगितलं, घरची शेती बघायला कुणी नाही. सरांवर तो इतकी वर्षं चडफडत राहिला. रात्रंदिवस मनात त्यांना उत्तरं लिहीत राहिला. आणि आता त्या टेबलापाशी त्याला पहिल्यांदा दिसलं की सरांनी जे मागितलं ते त्यानेच आधी बाभळीखाली केलं होतं. सरांना निदान माहीत नव्हतं की मांडीवर कोण आहे. त्याला माहीत होतं.

"अकराचा तास आहे, साहेब," आमशा म्हणाला.

"मुलांना अंडी दाखव. तुला येतं," भटू म्हणाला. दाराशी जाऊन तो वळला. "मघाशी बोललो ते चुकलं माझं."

आमशाने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

घर दहा मिनिटांवर होतं. तो जवळजवळ पळत गेला, कारण चालला असता तर वाटेत पुन्हा उद्यावर गेलं असतं. आई ओट्यावर नव्हती, आतल्या खोलीत आडवी झाली होती. रंजना चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तो चपला न काढता स्वयंपाकघरात गेला. तिने आधी चपलांकडे पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडे.

"गाडीमुळे काही झालं नव्हतं," तो म्हणाला.

"सकायले बी हाईच बोलनात तुम्ही."

"सकाळी अर्धं बोललो. ते खूप आधी झालं होतं, रंजना. तुला दिवस गेलेत हे कळायच्या आधी. तू जसोदाकडे गेली नसतीस तरी तेच झालं असतं. तू अंथरुणातून उठली नसतीस तरी. नाळेत तीन नळ्या लागतात. तिच्या नाळेत दोनच होत्या."

रंजनाचे हात पिठावर थांबले. तव्यावर एक भाकरी होती. "तिच्या?" ती म्हणाली.

 प्रमाण भाषेत, अहिराणीत, कुठल्याही भाषेत तो शब्द आता परत घेता येत नव्हता.

"पोर व्हती," रंजना म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "माले कोनीच सांगं नही. मी इचारं व्हतं आईले. त्या बोलन्यात, इचारू नही. तुम्ही दखं?"

"हो."

"कव्हय?"

"काका खणत होते तेव्हा. गाठ सैल झाली होती. नाळ बाहेर आली होती, ती मी..." तो थांबला. "मी मोजल्या."

भाकरी करपायला लागली होती. तिने ती उलथली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय ते तो शोधत होता. सुटका येईल, रडू येईल, असं त्याला वाटेत धावताना वाटलं होतं, आणि तो ते पुसायला तयार होऊन आला होता. ते आलं नाही. तिच्या नाकपुड्या पांढऱ्या पडल्या.

"पाच वरीस," ती म्हणाली. "पाच वरीस तुम्हले माहीत व्हतं. आजून कोनले माहीत शे?"

"पुण्याच्या सरांना. लिहिलं होतं."

"त्यास्ले लिखं."

"हो."

"कागदवर लिखं, तिकीट लायं, पुन्याले धाडं. आनि मी आठे चुलीपान बसेल व्हती." तिचा आवाज चढत नव्हता. तो उलट खाली खाली जात होता आणि भटूला ऐकण्यासाठी वाकावं लागत होतं. "जसोदानं पोऱ्याना बारशाले बलावं, मी गयी नही. तिन्हं तोंड दखं का माले ती गाडी दिसे. ती रडी रडी गयी आठेन. आनि तुम्ही खाटवर बठी वाची ऱ्हायनात. माले काय वाटे सांगू? माले गाडीनं खरं वाटेच नही. माले वाटे, तुम्हन्या आंड्यास्नं पाप लागनं. इतला जीव फोडा तुम्ही. पन ते मी आईले सांगतू तं त्यास्नी तुम्हले घरमा घेतं नसतं. म्हनीसन मी गाडीच सांगी. सांगता सांगता मालेबी तेच खरं वाटाले लागनं."

हे त्याला माहीत नव्हतं. हे त्याच्या कल्पनेतही नव्हतं. सकाळपासून तो ज्या वाक्यावर संतापला होता ते तिने त्याच्यासाठी उचललं होतं, आणि त्याने तिच्यासाठी एकही उचललं नव्हतं. क्षणभर त्याला तिचाच राग आला, कुणी सांगितलं होतं असं करायला. मग तो राग उभा राहायला जागा नसल्यासारखा खाली गेला.

धूर झाला. तिने चिमट्याने करपलेली भाकरी उचलून चुलीच्या कडेला टाकली. मग पाठमोरीच विचारलं, "तोंड कसं व्हतं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. सुंदर होतं, शांत होतं, तुझ्यासारखं होतं. बाभळीखालचं सगळं त्याने डोळ्यांपुढे आणलं. ऊन, वाळू, खरबुजांचे वेल, लुगड्याची किनार, नाळेचं टोक, दोन भोकं. किनारीच्या वर काय होतं? गाठोड्याला वरची बाजू होती. ती त्याच्या कोपराशी होती. त्याने ती उघडली नव्हती.

"पाहिलं नाही," तो म्हणाला.

"मंग काय दखं तुम्ही?"

"नाळ."

रंजना वळली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, अगदी निरखून, जणू हा माणूस कोण ते तिला आजच ठरवायचं होतं. "आईले सांगा," ती म्हणाली. "आत्तेच. मन्हा सामने."

आई दारातच उभी होती. केव्हापासून ते दोघांनाही कळलं नव्हतं. भिंगं काढलेली होती, त्यामुळे तिचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते. भटूने सांगितलं. साठ मुलांपुढे इंग्रजीत तासभर बोलणाऱ्या त्याला आईच्या भाषेत चार वाक्यं जुळवताना घाम फुटला. नळी म्हणाला, रगत म्हणाला, पहिल्याच महिन्यामा म्हणाला. गाडीना काही दोष नही, रंजनाना काही दोष नही. अंड्यांचंही सांगितलं, कारण आता काही शिल्लक ठेवणं त्याला सहन होत नव्हतं. आईचा हात कंठीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नळीबिळी माले समजत नही," ती म्हणाली. "गाडीमा बसनी ती बसनी."

"नाही," भटू ओरडला. लहानपणापासून आईपुढे तो असा ओरडला नव्हता. भांड्यांच्या फळीवरचा पेला थरथरला. "पुन्हा हे या घरात कुणी बोलायचं नाही. तू नाही, ती नाही, कुणी नाही. गाडीत जा मी म्हटलं होतं. मी. आठवतं तुला? कुणालाच कसं आठवत नाही?"

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रंजनाकडे पाहत होती. चौकटीला धरून ती हळूहळू खाली बसली, गुडघे वाजले.

"तोंड मी दखं व्हतं," ती म्हणाली.

रंजनाचा पिठाचा हात हवेत राहिला.

"मीच गुंडायी तिले. मी नही दखसू तं कोन दखी? माय नही दखनी, बाप नही दखना. कोनीतरी दखाले पाहिजे व्हतं." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, डाळ निवडताना बोलते तसा. "डोया मिटेल व्हतात. कपायवर लव व्हती, बारीक. नाक तुन्हासारखं."

"आनि कान?" रंजनाने विचारलं.

"ये. सांगस."

रंजनाने तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पीठ धुतलं, पदराला हात पुसले आणि ती सासूपुढे जाऊन बसली. आईने उजवा तळहात पसरला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्यावर दाखवायला लागली, इतकं तोंड, इथून इथवर, हनवटी अशी, कान असे चिकटलेले. दोघींची डोकी त्या हातावर वाकली. चुलीत लाकूड धुमसत होतं. भटूला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो चपलांसकट उभा होता, आणि तो उभा होता तिथून तळहात दिसत नव्हता.